लीलाबाईंच्या गाडीचे पुढचे ब्रेक

सोमवारी सकाळी धुळा मेस्तरीने एका जीपच्या पोटाखालून डोकं बाहेर काढलं आणि रस्त्यापलीकडे त्याला लीलाबाईंची पांढरी गाडी हवेत उभी दिसली.

हवेत म्हणजे समोरच्या गॅरेजवाल्या वीरधवलच्या लिफ्टवर. चारी चाकं अधांतरी, बॉनेट उघडं, आणि निळ्या कपड्यांतला एक माणूस खाली उभा राहून तिच्या पोटावर बॅटरीचा उजेड मारत होता. चौदा वर्षांत त्या गाडीला धुळाशिवाय कुणाचा पाना लागला नव्हता. घरचं माणूस परक्याच्या ओसरीवर पाय पसरून बसलेलं दिसावं आणि त्याने ओळखही देऊ नये, तसं त्याला झालं. तो गोणपाटावर तसाच उताणा पडून बघत राहिला. जीपमधलं तेल थेंब थेंब छातीवर पडत होतं, तेही त्याला कळलं नाही.

हा धुळा मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीच्या बाजूचा. बाप मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे चार घरची मेंढरं, दोन घोडी, कोंबड्या आणि पोरंबाळं, कृष्णाकाठाला उतरायचा आणि पलूसच्या बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा. अशाच एका साली सडकेच्या कडेला एक ट्रक मोडून पडला. त्याचं इंजिन उतरवून पुन्हा चढवायला तीन दिवस लागले आणि तीन दिवस धुळा तिथं उकिडवा बसून होता. चौथ्या दिवशी वाडा हलला तेव्हा आई, दगडाबाई, हाका मारून मारून दमली. ट्रक गेला, पलूसचा मेस्तरी राहिला आणि मेस्तरीबरोबर धुळाही. "माझं लेकरू लोखंडाला चिकटलं," असं दगडाबाई मरेपर्यंत सांगायची.

आता तो त्रेसष्ट वर्षांचा होता. कराड-तासगाव रस्त्याला पत्र्याची शेड, पुढं कडुलिंब, बसायला दोन टायर. पाटी नाही. पाटीची गरज कधी पडली नव्हती. गाडी रस्त्यावरून जाताना नुसत्या आवाजावरून तो तिचं दुखणं सांगायचा. एक सवय मात्र त्याने मेंढरांकडून आणली होती. बापाच्या कळपाची खूण होती: उजव्या कानाला दोन सरळ चिरा आणि तिसरी तिरपी. हजारात मेंढरू मिसळलं तरी कान बघून ओळखायचं. धुळा जो महत्त्वाचा भाग बसवायचा, त्याच्या बिनकामाच्या कडेला कानशीने तशाच तीन बारीक रेघा ओढायचा. कुणाला सांगायचा नाही. बापाने कधी कुणाला सांगितलं होतं?

समोरच्या गॅरेजला दीड वर्ष झालं होतं. वीरधवल इथल्याच ऊसवाल्या घरातला, सांगलीला शिकलेला, पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात पाच वर्षं काढून परत आलेला. नाटकात बरं असतं. खलनायक आला की वाद्यंच सांगतात, हा तो. इथं पंचाईत अशी की वीरधवल चांगला होता. रोज सकाळी शटर वर गेलं की पलीकडून हात जोडायचा, "मामा, राम राम." धुळाला बाकी सगळं सोसलं असतं, पण हा राम राम सोसत नव्हता. संध्याकाळी समोरचे दिवे मालवेपर्यंत तो आपलं दार लावत नसे. काम नसलं तरी पाने पुसत बसे. एकदा बावीसचा पाना मागायच्या निमित्ताने तो आत जाऊन आला होता, बावीसचे दोन पाने घरी असताना. आतली काचेची खोली, पाण्याचं यंत्र, भिंतीवरचा कॉम्प्युटर, सगळं पाहून आला. त्याला खरी आग लागली ती लिफ्टची. बटण दाबलं की गाडी वर आणि माणूस उभ्याने कामाला. धुळाचा उजवा गुडघा गेल्या दोन वर्षांत वाकायला नाही म्हणत होता.

पप्पू चहावाला किटली घेऊन आला. चाळिशीतला माणूस, पण दोन्ही गॅरेजांमधलं वारंच तो.

"पप्पू, समोर कुणाची गाडी रं ती?" धुळाने विचारलं.

"सिस्टरबाईंची न्हवं का. तुमाला ठाव न्हाई?"

"गाड्या लय. कुणाकुणाची ध्यानात ठिवायची."

पप्पूने कप पुढं केला. "ब्रेक मारला की स्टेरिंग थरथरतंय म्हनं. पुढच्या डिस्का बदलायच्यात. बाई आत काचंत बसल्यात. मला म्हनल्या, पप्पू, साखर कमी घाल."

"माझ्याकडं कवा चहा सांगत न्हाईत."

"तुमच्याकडं बसायचं कशावर? टायरवर?"

लीलाबाई म्हणजे आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी पलूसच्या आसपास त्यांना कुणी नुसतं लीलाबाई म्हणत नसे. निम्मा तालुका त्यांच्या हातावर जन्मला होता. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी ही पेट्रोलची छोटी गाडी घेतली आणि महिन्यातून एकदा एकट्या लोणंदला थोरल्या बहिणीकडे, हरणाबाईंकडे, जायचा नेम धरला. कराड, सातारा, वाठार, आणि मग सालपे घाट उतरून लोणंद. त्यांना नवरा नव्हता, मूल नव्हतं. गाडी होती. आणि गाडीचं म्हणून जे काही असेल ते धुळाकडे.

पुढच्या चाकाच्या आत लोखंडाची एक थाळी असते, चाकाबरोबर फिरणारी. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. हीच डिस्क. घासून घासून ती कुठं जाड कुठं पातळ झाली की ब्रेकवर स्टेअरिंग थरथरतं. धुळाला हे महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. पुढच्या खेपेला गाडी आली की बदलायच्या, असं त्याने मनात धरलं होतं. खेप आली आणि रस्ता ओलांडून गेली.

दुपारी तो जेवायला घरी गेला. बायको, माया, भाकरी थापत होती. दोन घासांनंतर त्याचा हात थांबला.

"आमटी बिघडली काय?" तिने विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"सिस्टरबाईंनी गाडी समोर लावली."

मायाने तव्यावरची भाकरी उलटली. "पप्पूच्या बायकोनं सांगितलं मघाशी. म्हनली, तुमच्या मेस्तरीला सवत आली."

"कायबी बोलू नगंस."

"म्या कुठं बोलले. आवं, पस्तीस वर्सं झाली लग्नाला. मी जत्रंला भावाच्या मैतराच्या गाडीवर मागं बसून गेले तवा तुमी इचारलं पन न्हाई, कुठं गेलतीस. आन् आता घास उतरंना झालाय."

"तू परत आलतीस न्हवं."

"तिबी येल. न्हाई आली तर तिची मर्जी. गाडी तिची हाय."

हेच धुळाला पटत नव्हतं. गाडी बाईंची, हे खरं. पण त्या गाडीत एक गोष्ट अशी होती की ती बाईंनाही ठाऊक नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी लोणंदहून परत आल्यावर बाई सहज म्हणाल्या होत्या, "धुळा, घाट उतरताना जळकट वास आला रे, आणि ब्रेकचं पॅडल मऊ लागलं." त्यांनी ते म्हटलं आणि त्या विसरल्या. धुळा विसरला नाही. तो सांगलीला गेला आणि भंगारवाल्याकडे दोन दिवस हिंडला. तिथं याच गाडीचं डिझेलचं मॉडेल त्याला मागून ठोकलेलं मिळालं, पाच हजार किलोमीटरसुद्धा न चाललेलं. डिझेलची गाडी वजनाला जास्त म्हणून कंपनीने तिला पुढचे ब्रेक मोठे दिलेले: डिस्क रुंद, जाड, दोन पात्यांची आणि मधे वारा खेळायला घरं ठेवलेली. डिस्का, त्यांना धरणारे कॅलिपर, सगळं त्याने उतरवून आणलं, नटाच्या मापापासून चाकाच्या अंतरापर्यंत जुळवलं आणि बाईंच्या गाडीला बसवलं. बाईंना म्हणाला, "पॅड बदललेत." त्यानंतर कधी वास आला नाही. गाडी घाटात खुंटीला बांधल्यासारखी थांबायची आणि बाई सगळ्यांना सांगायच्या, माझा धुळा नुसते पॅड बदलतो पण काय बदलतो.

सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर बाईंनी मापं, कागद, पावत्या विचारल्या असत्या, सिस्टरचा स्वभाव. पण दुसरंही होतं. आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, यात एक ऊब होती. कॉम्प्युटरला ठाऊक नाही, कंपनीला ठाऊक नाही.

मंगळवारी सकाळी ती ऊब फुटली. वीरधवलने गाडीचा नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला, कॉम्प्युटरने पेट्रोलच्या मॉडेलची लहान भरीव डिस्क दाखवली, सांगलीच्या दुकानातून ती सकाळच्या एसटीने आली, चाक उघडलं आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर एक परात आणि एक ताटली. पप्पूने दहाच्या चहाला सगळं सांगितलं.

"ते म्हनतंय, बाई, कुणीतरी दुसऱ्याच गाडीचे ब्रेक घातलेत. आता कंपनीनं दिलेत तसे परत करायचे. कॅलिपरबी जुन्या मापाचे मागवलेत. उद्या बसवणार. परवा बाईंना लोणंदला जायचंय."

धुळाने चहा घेतला नाही. बशी हातात धरून उभा राहिला.

लहान ब्रेक वाईट नसतात. त्या मॉडेलच्या हजारो गाड्या त्यांच्यावर चालतात. पण बाईंच्या पायाला नऊ वर्षं मोठ्या ब्रेकची सवय झालेली. सालप्याच्या वळणांवर त्या आता उशिरा दाबायच्या, कमी दाबायच्या, त्यांना वाटायचं आपण उतारावर तयार झालो. आणि परवा त्या बिनधास्त तशाच उतरणार.

आणि मग धुळाच्या मनात तो विचार आला. माणूस असे विचार पाहुण्यासारखे दारातून आत घेत नाही. ते मागच्या बाजूने येतात आणि चुलीपाशी बसलेले दिसतात. त्याला वाटलं, घाटात थोडा वास यावा. अपघात नको, खरचटायलासुद्धा नको. नुसता जळकट वास. पॅडल थोडं मऊ लागावं. बाईंनी घाटाखाली गाडी बाजूला घ्यावी, आणि म्हणावं, धुळा होता तोवर असं झालं नव्हतं.

दुपारभर तो हा विचार घेऊन बसला. जीपचा एकही नट त्याच्या हातून फिरला नाही. समोर जाऊन सांगावं असं दोनदा मनात आलं, आणि दोनदा त्याला काचेच्या खोलीतलं ते पाण्याचं यंत्र दिसलं आणि पाय हलला नाही.

चारच्या चहाला पप्पू परत आला. "मेस्तरी, तुमचं नाव निघालं बरं का तिथं."

"काय म्हनून?"

"त्यांचा तो निळ्या कपड्यातला मानूस म्हनला, जुन्या कॅलिपरच्या कडंला तडा गेलाय. एक न्हाई, तीन. बाईंना बोटानं दाखवला. म्हनला, बाई, भंगारातला माल घातलाय तुमच्या गाडीला, नशीब चांगलं तुमचं."

"तडा?"

"तीन तडे. दोन उभे, एक तिरपा."

धुळाने बशी पप्पूच्या हातात दिली आणि रस्ता ओलांडला. तासगावकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने करकचून हॉर्न दिला, तोही त्याच्या कानापर्यंत गेला नाही. चांगुलपणाला दिवसभर जे जमलं नव्हतं, ते बापाच्या खुणेला तडा म्हटल्याने झालं.

वीरधवल टेबलापाशी होता. लीलाबाई काचेच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, पर्स हातात, चष्मा कपाळावर. टेबलावर जुनी मोठी डिस्क, नवी लहान डिस्क आणि उतरवलेला कॅलिपर मांडून ठेवलेले. एखाद्या पंचनाम्यासारखे.

"या मामा," वीरधवल म्हणाला. "मी येणारच होतो तुमच्याकडं."

"कोन म्हनला तडा?"

निळ्या कपड्यातला माणूस मागं सरला. धुळाने कॅलिपर उचलला, कडेवरचा मळ अंगठ्याने पुसला आणि वीरधवलपुढं धरला. "तडा आत जातो. नख घालून बघ. नख आडतंय?"

वीरधवलने नख फिरवलं. "वरच्या वर आहे."

"कानशीनं काढल्याली रेघ हाय ती. माझ्या बापाच्या मेंढरांच्या कानाला हीच खूण आसायची. ज्याला म्या हात लावला त्याला ही आसती. तू तुज्या लिफ्टवर चढवलेल्या गाड्या बघ, चार-पाच घावतील."

मग लीलाबाई पुढं आल्या.

"म्हणजे हे तूच घातलंस, धुळा."

"व्हय."

"भंगारातून आणून."

"व्हय."

"मला म्हणालास पॅड बदललेत."

"पॅडबी बदलले व्हते."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आरोग्य केंद्रात खोटं सांगणाऱ्या नवऱ्यांकडे त्या अशाच बघायच्या. "का?"

धुळाने लहान डिस्क एका हातात घेतली, मोठी दुसऱ्या. "बाई, तुमी भाकरी करता न्हवं. पातळ तव्यावर पहिली भाकरी झ्याक होती. दुसरी बरी. तिसरीला तवा आसा तापतो की करपायला लागती. जाड तव्याचं तसं न्हाई, त्यो उष्णता पोटात ठिवतो. सपाटीला ह्यो पातळ तवा चालतोय. सालप्यात तुमी येका मागं येक वीस भाकऱ्या भाजता. नऊ वर्सांमागं तुमाला वास आलता. तुमी इसरला."

लीलाबाई डिस्कांकडे बघत राहिल्या. बहुतेक त्यांना तो वास आता आठवला. कारण त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली आणि त्या बसल्या.

वीरधवलने जुनी डिस्क घेतली, कडेचे छापील आकडे वाचले आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. "डिझेल मॉडेल. नट तेच, चाकाची जागा तीच. मामा, हे काम कंपनीत चार माणसं बसून करतात, कागदावर. तुम्ही कशावर केलंत?"

"दोरीनं मापलं."

त्याने मान हलवली. त्यात थट्टा नव्हती आणि धुळाला तेच जास्त झोंबलं. थट्टा असती तर उत्तर तयार होतं.

"मग हीच मागवू," वीरधवल म्हणाला. "दोन डिस्का, चार पॅड. जुन्या डिस्का लेथवर घासून चालल्या असत्या?"

"न्हाई. कडंला आकडा हाय बघ, कमीत कमी किती जाडी पायजे त्यो. आताच तितकी ऱ्हायलीया. घासली की पातळ तवा." धुळाने हातातली लहान डिस्क खाली ठेवली. "आन् ती भोकाभोकांची डिस्क मागवू नगंस. पोरं लावत्यात मिरवायला. भोकापासनं चीर सुटती."

"नाही मागवत. पॅड कुठले घेऊ?"

धुळाने चाळीस वर्षं वापरलेल्या कंपनीचं नाव सांगितलं. वीरधवलने कपाटातून त्याच कंपनीचा एक जुना पॅड काढला आणि कडेला बोट ठेवलं. तिथं आकड्यांच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं होती. "मामा, ही अक्षरं बघितलीत कधी? पहिलं अक्षर पॅड थंड असताना किती धरतो ते. दुसरं तापल्यावर किती धरतो ते. याचं एफ आणि ई. तापला की घसरतो. दोन्ही एफ असलेला घेऊ या, घाटासाठी."

धुळाने पॅड डोळ्यांजवळ नेला. चाळीस वर्षं. एवढ्या वर्षांत किती हजार पॅड त्या बोटांतून गेले होते, आणि ती अक्षरं त्याला कंपनीच्या सहीसारखी वाटली होती. विद्या आपल्याकडे नाही याचं दुःख एक, आणि ती समोरच्याकडे आहे याचं दुःख दुसरं. दुसरं मोठं असतं.

"घे दोन्ही एफचे," तो म्हणाला. "आन् डिस्क आली की आधी वाजवून घे. टांगून ठोकायची. टणटणीत आवाज आला पायजे. बद वाजली तर परत दे. आन् बसवायच्या आधी चाकाच्या बैठकीवरचा गंज खरडून काढ, न्हाईतर नवी डिस्कबी थरथरल."

वीरधवल निळ्या कपड्यातल्या माणसाकडे वळला. "लिहून घे." मग धुळाला म्हणाला, "मामा, यात नोंद करू का? गाडीच्या नावावर? पुढचे ब्रेक डिझेल मॉडेलचे, अशी. मग ही गाडी कुठंही उघडली तरी घोटाळा नको."

कॉम्प्युटरचा पडदा उजळला. खाली रिकामी ओळ होती.

एवढ्याशा ओळीत काय जाणार होतं ते धुळाला चांगलं कळत होतं. नऊ वर्षांची ती एक गोष्ट, जी फक्त त्याच्यापाशी होती, ती आता कुणापाशीही असेल. बाईंना धुळाची गरज अशी उरणार नाही. त्या कोल्हापुरात गाडी लावतील, पुण्यात लावतील, कुणीही नंबर घालील आणि वाचील.

"लिव्ह," तो म्हणाला.

वीरधवलने लिहिलं. कोणी बसवले, तेही लिहिलं, न विचारता. धुळाला ते वाचता आलं, पण त्याने न वाचल्यासारखं केलं.

मग जे विचारायचं नव्हतं ते तोंडून गेलंच. "बाई, म्या काय चुकलो का? गाडी हिकडं का लावली?"

लीलाबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, गुडघ्याकडे पाहिलं. "दिवाळीत तुला चिठ्ठी दिली होती. मिरजेला जाऊन गुडघ्याचा फोटो काढ म्हणाले. काढलास?"

"काम व्हतं."

"मागच्या खेपेला माझ्या गाडीखालून निघताना तू बंपर धरून उठलास. दोनदा बसलास परत. मी बघत होते. माझ्यासाठी त्या चिखलात आडवं व्हायचं नाही, एवढंच. गुडघा दाखवत नाहीस तोवर मी तुला गाडी दाखवायची नाही."

"आवं, पन सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

निळ्या कपड्यातल्या माणसाने तोंड फिरवून हसून घेतलं. धुळा परत रस्ता ओलांडून आला. त्याला बरं वाटायला हवं होतं. बाईंचा राग नव्हता, उलटच होतं. पण मत्सराचं असं असतं की कारण गेलं तरी तो लगेच उठून जात नाही, जेवून जातो. गाडी समोरच होती. गुडघ्यामुळे असो की कशामुळे, समोरच होती.

बुधवारी डिस्का आल्या. रस्त्याच्या या बाजूला टण्ण असा लांब आवाज ऐकू आला, मग दुसरा. दोन्ही एका सुरात. धुळाने मान वर केली नाही, पण हातातली कानस थांबली. संध्याकाळी वीरधवलने बाईंना गाडी घेऊन रस्त्यावर पाठवलं. पॅड डिस्कवर बसायला पंचवीस-तीस वेळा हळू ब्रेक मारायचे असतात. गाडी धुळाच्या शेडसमोरून गेली, आली, गेली, आली. दर खेपेला त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा, आणि गुडघा कळ द्यायचा.

गुरुवारी साडेआठला बाई निघाल्या. हात केला, कुणाला केला ते दोन्ही गॅरेजांना कळलं नाही.

धुळाने काम काढलं, पण डोक्यात रस्ता चालू होता. आता कराड. आता उंब्रज. आता सातारा, बाई तिथं बहिणीसाठी कंदी पेढे घेणार, म्हणजे वीस मिनिटं. आता वाठार. बारा वाजता कडुलिंबाखाली कुणाची तरी सावली पडली. वीरधवल रस्ता ओलांडून आला होता, दीड वर्षांत पहिल्यांदा. तो एका टायरवर बसला. पांढरी पँट घालून.

"मामा, घाट लागला असेल का?"

"लागला आसंल. मधलं वळण वाईट."

"मी पॅडचा डबा दोनदा तपासला. तरी मनात येतंच."

धुळाने त्याच्याकडे बघितलं. पोराच्या कपाळाला घाम होता. घाटाचा विचार दोघांनी एकाच वेळी करावा, हे धुळाला आवडलं नाही. चौदा वर्षं हा विचार तो एकटा करत आला होता. पण त्याने माठातलं पाणी काढून दिलं.

साडेबारा होऊन गेले, आणि वीरधवलच्या खिशातला फोन वाजला.

"बाईंचा आहे," तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. "हां, बोला. हां. उतरलात? बरं. वास? नाही? बरं, बरं. पॅडल? हो. सांगतो. सांगतो त्यांना."

त्याने फोन ठेवला आणि तोंडभर हसला. "लोणंदला पोहोचल्या. खुंटीला बांधल्यासारखी थांबली म्हणाल्या. वास नाही, थरथर नाही."

धुळाच्या छातीतून एक लांब श्वास गेला. आणि तो श्वास पुरता जायच्या आत पाठोपाठ दुसरं आलंच.

"तुला फोन केला," तो म्हणाला.

"हो. तुमचा गुडघा दाखवला का विचारलं."

"तुला केला."

धुळा उठला, पाने ठेवायच्या लोखंडी डब्याकडे गेला, झाकण उघडलं आणि चिंध्यांखालून आपला फोन काढला. तो तिथंच असायचा; त्याचा आवाज कधी कुणाला ऐकू यायचा नाही. फोन तेलकट बोटांनी पुसत त्याने तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला. मग वीरधवलकडे दिला.

"वाच. कुणाचा हाय?"

"बाईंचा. येऊन गेलेला."

"किती वाजता?"

"बारा सदतीस."

"आन् तुला?"

वीरधवलने स्वतःचा फोन बघितला. "बारा एकेचाळीस."

धुळाने आपला फोन परत घेतला. या वेळी तो डब्यात टाकला नाही. सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला आणि खिशावर एकदा हात फिरवला.

"पप्पू," त्याने रस्त्याकडे बघून हाक दिली, "दोन चहा आण रं."